पेन्सिलीनं घडवलेलं कुलूप: सिद्धता, नंबर थिअरी आणि आरएसए

डिस्क्रीट मॅथ्सच्या अभ्यासक्रमात सिद्धतेच्या पद्धती पहिल्या प्रकरणात येतात, नंबर थिअरी मध्यावर कुठेतरी आणि क्रिप्टोग्राफी अगदी शेवटी, वेळ उरला तर. तिन्हींच्या नोट्स वेगळ्या, तिन्हींची भीती वेगळी. मग परीक्षेच्या आदल्या रात्री आरएसएची, म्हणजे संदेश कुलूपबंद करून पाठवण्याच्या एका रीतीची, कृती पाककृतीसारखी पाठ केली जाते: दोन मूळ संख्या घ्या, गुणा, प्रत्येकीतून एक वजा करून पुन्हा गुणा, वगैरे. मीही तेच केलं होतं. लेखी उत्तर बरोबर आलं. तोंडी परीक्षेत मात्र विचारलं, "हे कुलूप उघडतं, ते का उघडतं?" आणि मी गप्प.

म्हणून या लेखात उलट्या बाजूनं जाऊ. एकच छोटं कुलूप, १३ आणि १९ या दोन मूळ संख्यांचं, हातानं बनवायचं. ते बनवताना जिथे जिथे 'हे का चालतं' असा प्रश्न येईल, तिथे लागणारी सिद्धता आधीच हाताशी हवी. कॅल्क्युलेटर लागणार नाही, पण कागद-पेन्सिल लागेल. नुसतं वाचून हा विषय येत नाही. घातासाठी मी ^ ही खूण वापरतो: ५^२ म्हणजे पाचाचा वर्ग. आणि एक खुलासा: मराठीत संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स. आपला विषय तो नव्हे, म्हणून नंबर थिअरी हाच शब्द ठेवला आहे.

शंभर उदाहरणं म्हणजे सिद्धता नव्हे

क^२ + क + ४१ या राशीत क च्या जागी ० घाला: ४१, मूळ संख्या. १ घाला: ४३, मूळ. २ घाला: ४७, मूळ. असं ३९ पर्यंत जात राहा, चाळीसच्या चाळीस उत्तरं मूळ संख्या येतात. एवढ्यावर कुणीही म्हणेल, ठरलं तर मग. पण ४० घातल्यावर ४०^२ + ४० + ४१ = ४०×४१ + ४१ = ४१×४१. संपलं.

यात फसायला नवखंच असावं लागतं असं नाही. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या संख्या २ च्या १ल्या, २ऱ्या, ४थ्या, ८व्या, १६व्या घातात १ मिळवून येतात आणि पाचही मूळ आहेत. पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं फर्मा या फ्रेंच गणितीला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलरनं पुढचीच संख्या फोडून दाखवली: ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७. (यातला ६५५३७ लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.)

उदाहरणं करायची ती विधान समजून घ्यायला, आणि जमलं तर ते पाडायला. विधान पाडायला एकच उदाहरण पुरतं. उभं करायला कितीही कमीच पडतात.

सिद्धता लिहायची कशी

पहिली पायरी: शब्द उघडा. विधानातल्या प्रत्येक पारिभाषिक शब्दाच्या जागी त्याची व्याख्या लिहा. सोप्या सिद्धतांचं निम्मं काम इथेच होतं. उदाहरणार्थ विधान असं: कुठल्याही विषम संख्येच्या वर्गाला ८ ने भागलं तर बाकी १ उरते.

आधी कच्च्या कागदावर: ९ = ८ + १, २५ = २४ + १, ४९ = ४८ + १. बरं दिसतंय. आता 'विषम' हा शब्द उघडा: विषम संख्या म्हणजे २क + १, जिथे क पूर्णांक आहे. वर्ग करा: ४क^२ + ४क + १, म्हणजेच ४क(क + १) + १. इथे क्षणभर थांबा. क आणि क + १ या शेजारच्या संख्या आहेत, दोघींपैकी एक सम असणारच, म्हणून त्यांचा गुणाकार सम. सम संख्येच्या चौपटीला ८ ने भाग जातो. उरला १. झालं.

याला थेट सिद्धता म्हणतात. पक्कं लिहिताना एकच पथ्य: दिलेल्या गोष्टीपासून निघून सिद्ध करायच्या गोष्टीपर्यंत जायचं. पुष्कळ जण सिद्ध करायचं समीकरणच पहिल्या ओळीत लिहितात, दोन्ही बाजूंवर क्रिया करत ० = ० पर्यंत येतात आणि खाली 'सिद्ध' म्हणून दोन रेघा ओढतात. त्या रीतीनं −१ = १ सुद्धा सिद्ध होतं: दोन्ही बाजूंचा वर्ग करा, १ = १. उलट्या दिशेनं विचार खुशाल करा, पण तो कच्च्या कागदावर. पक्क्या कागदावर बाण सुलट हवेत.

दुसरी रीत, विधान उलटवून. 'क^२ सम असेल तर क सम असतो' हे थेट दाखवायला गेलात तर वर्गमूळ काढावं लागतं आणि तिथे गाडी अडते. त्याऐवजी 'क सम नसेल तर क^२ सम नसतो' हे दाखवा. ते आपण आत्ताच केलं, कारण विषमाच्या वर्गाला ८ ने भागून १ उरतो, म्हणजे तो विषमच. 'जर-तर'च्या दोन्ही बाजू नाकारून त्यांच्या जागा बदलल्या की विधान तेच राहतं. नुसत्या जागा बदलल्या तर मात्र व्यत्यास होतो, आणि तो वेगळाच प्राणी आहे. ९ ने भाग जातो त्याला ३ ने जातो हे खरं. ३ ने जातो त्याला ९ ने जातो म्हणाल, तर ६ समोर उभा.

तिसरी, विसंगतीची रीत. शाळेच्या भूमितीत हिलाच अप्रत्यक्ष सिद्धता म्हणायचे. जे सिद्ध करायचं ते खोटं आहे असं धरायचं आणि कशाशी तरी धडक होईपर्यंत चालत राहायचं. मूळ संख्या अनंत आहेत ही युक्लिडची सिद्धता त्यातली सगळ्यात देखणी, सुमारे २३०० वर्षं जुनी. समजा मूळ संख्यांची यादी संपते. यादीतल्या सगळ्या संख्या गुणा आणि १ मिळवा. आलेल्या संख्येला यादीतल्या कुठल्याही मूळ संख्येनं भागलं तरी बाकी १ उरते. पण १ पेक्षा मोठ्या प्रत्येक संख्येला निदान एक मूळ विभाजक असतोच. तो यादीत नाही, आणि यादी तर पूर्ण धरली होती. विसंगती.

इथे वह्यांमध्ये हमखास एक चूक दिसते: 'म्हणून गुणाकार अधिक एक ही नवी मूळ संख्या होय.' नाही! २×३×५×७×११×१३ + १ = ३००३१, आणि ३००३१ = ५९ × ५०९. ती संख्या स्वतः मूळ असेलच असं नाही, तिचा मूळ विभाजक यादीबाहेरचा असतो, एवढंच सिद्धता म्हणते. सिद्धतेनं जेवढं दिलं तेवढंच घ्यावं.

आता तो 'प्रत्येक संख्येला मूळ विभाजक असतोच' हा दावा. तो मी गुपचूप वापरला. त्याला चौथी रीत लागते, इंडक्शन, पुस्तकी नावानं गणिती विगमन. नेहमीच्या इंडक्शनमध्ये एका संख्येवरून पुढचीवर उडी मारायची असते. पण ९९ चे विभाजक माहीत असून १०० बद्दल काहीच कळत नाही. म्हणून इथे त्याचं सशक्त रूप घ्यायचं: क पेक्षा लहान, पण १ पेक्षा मोठ्या सगळ्या संख्यांसाठी विधान खरं आहे असं धरायचं. क स्वतः मूळ असेल तर तोच त्याचा मूळ विभाजक. नसेल तर क = ख × ग, जिथे ख आणि ग दोन्ही १ पेक्षा मोठे आणि क पेक्षा लहान. ख ला मूळ विभाजक आहे हे धरलेलंच आहे, आणि जो ख ला भागतो तो क लाही भागतो.

इंडक्शनची पहिली पायरी, म्हणजे सुरुवातीच्या संख्येसाठी विधान तपासणं, ही निव्वळ औपचारिकता वाटते. तसं वाटलं की 'क = क + १' हे विधान घ्या. ते क साठी खरं धरलं तर दोन्हीकडे १ मिळवून पुढच्या संख्येसाठीही खरं ठरतं. उडी निर्दोष आहे. पाय ठेवायला पहिला दगडच नाही.

युक्लिडचा भागाकार, आणि मग उलटा प्रवास

मसावि शाळेत अवयव पाडून शिकवतात आणि भागाकारानंही. अवयवांची रीत विसरा. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असतं, आणि आरएसएचा सगळा डोलारा त्याच अवघडपणावर उभा आहे. भागाकाराची रीत मात्र सोन्यासारखी आहे.

तिचा गाभा एका वाक्यात: क ला ख ने भागून बाकी ग उरली, तर क आणि ख चा मसावि तोच ख आणि ग चा मसावि. कारण क = ख × भागाकार + ग. जी संख्या ख आणि ग ला भागते ती उजवी बाजू भागते, म्हणून क लाही. जी क आणि ख ला भागते ती वजाबाकी भागते, म्हणून ग लाही. दोन्ही जोड्यांचे साधारण विभाजक तेच, म्हणून त्यातला सर्वांत मोठाही तोच.

आपल्या कुलपाला पुढे २१६ आणि ११ ही जोडी लागणार आहे. तीच घेऊ.

२१६ = १९ × ११ + ७
११ = १ × ७ + ४
७ = १ × ४ + ३
४ = १ × ३ + १

बाकी १ आली, म्हणजे मसावि १, म्हणजे २१६ आणि ११ सहमूळ. आता खालून वर चढा. प्रत्येक ओळीतली बाकी एकटी करायची आणि वरच्या ओळीतून तिची किंमत घालायची:

१ = ४ − ३
= ४ − (७ − ४) = २×४ − ७
= २×(११ − ७) − ७ = २×११ − ३×७
= २×११ − ३×(२१६ − १९×११) = ५९×११ − ३×२१६

पडताळा: ५९×११ = ६४९, ३×२१६ = ६४८. फरक १.

हे करताना गोंधळ एकाच कारणानं होतो. २×११ दिसलं की हात शिवशिवतो आणि आपण २२ लिहून मोकळे होतो. मग ११ हरवतो आणि पुढे काही जुळत नाही. माझी सवय अशी: बाक्यांभोवती आणि मूळ दोन संख्यांभोवती पेन्सिलीनं गोल काढायचा. गोलातली संख्या कधी गुणायची नाही, फक्त ती किती वेळा आली तेवढं मोजायचं.

आर्यभटानं ४९९ च्या आर्यभटीयात अशाच समीकरणांसाठी दिलेल्या रीतीला पुढे कुट्टक हे नाव पडलं, म्हणजे कुटून बारीक करणं. मोठ्या संख्यांचा भुगा करत लहानापर्यंत यायचं आणि तिथून उत्तर बांधत परतायचं. शब्द इतका नेमका आहे की 'एक्स्टेंडेड युक्लिडियन अल्गोरिदम' त्यापुढे फिका वाटतो.

वेगाचंही सांगतो, कारण पुढे तेच कामाला येणार आहे. लहान संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटीहून जास्त भागाकार या रीतीत कधीच लागत नाहीत. लामेनं १८४४ मध्ये हे दाखवलं. सहाशे अंकी संख्या असली तरी तीन हजार भागाकारांत खेळ खलास. संगणकाला ते काहीच नाही.

या उलट्या प्रवासाची लगेच एक कमाई. मूळ संख्या प ही क × ख ला भागते पण क ला भागत नाही, तर ती ख ला भागलीच पाहिजे. कारण प आणि क सहमूळ, म्हणून वरच्यासारखे दोन गुणक मिळतात: प ची काही पट अधिक क ची काही पट = १. दोन्ही बाजूंना ख ने गुणा. डावीकडच्या पहिल्या पदात प आहे, दुसऱ्यात क × ख आहे, दोन्हींना प ने भाग जातो. म्हणून ख लाही. अवयव एकाच प्रकारे पडतात हा सगळ्यांनी गृहीत धरलेला नियम या चार ओळींवर टेकलेला आहे.

बाकीचं अंकगणित

घड्याळात दहानंतर पाच तासांनी तीन वाजतात. १५ आणि ३ यांना १२ ने भागलं की बाकी सारखीच, म्हणून त्या १२ च्या मापानं समशेष: १५ ≡ ३ (मॉड १२). ही तीन रेघांची खूण गाउसनं १८०१ मध्ये रूढ केली. बेरीज, वजाबाकी, गुणाकार करताना मधे केव्हाही संख्येच्या जागी तिची बाकी घेता येते, आणि गरज पडली तर ऋण बाकीही. २०७ ऐवजी −४० (मॉड २४७) घेतलं की गुणाकार निम्म्यानं हलका होतो.

भागाकार मात्र असा सरसकट चालत नाही. क पासून म पर्यंतच्या पंचवीस व्यंजनांना क्रमानं १ ते २५ आकडे द्या आणि २५ च्या मापानं एक गुप्तलिपी करा: प्रत्येक आकड्याला ५ ने गुणायचं. क म्हणजे १, त्याचे ५, म्हणजे ङ. च म्हणजे ६, त्याचे ३०, बाकी ५, पुन्हा ङ. ङ मिळालेल्या माणसानं काय वाचायचं, क की च? लिपी बंद होते पण उघडत नाही.

५ च्या ऐवजी ७ घ्या. ७ × १८ = १२६ ≡ १ (मॉड २५). म्हणजे ७ ने गुणून बंद केलेलं १८ ने गुणून उघडतं. १८ हा ७ चा गुणाकार व्यस्त. व्यस्त केव्हा मिळतो? दोन संख्या सहमूळ असतील तेव्हा, आणि फक्त तेव्हाच. मिळवायचा कसा हे आपल्याला आलेलंच आहे: ५९×११ − ३×२१६ = १ याचा अर्थच असा की २१६ च्या मापानं ११ चा व्यस्त ५९.

फर्माची छोटी करामत

फर्मानं १६४० मध्ये एका पत्रात सिद्धता न देता लिहिलं, ऑयलरनं १७३६ मध्ये सिद्ध केलं: प मूळ असेल आणि क ला प ने भाग जात नसेल, तर क^(प−१) ≡ १ (मॉड प).

आधी डोळ्यांनी पाहा. प = ७, क = ३. एक ते सहा यांना ३ ने गुणून ७ च्या बाक्या घ्या: ३, ६, २, ५, १, ४. तेच सहा आकडे, फक्त पत्ते पिसल्यासारखे. हे नेहमीच होतं. दोन गुणाकारांची बाकी सारखी आली, तर त्यांच्या वजाबाकीला प ने भाग जायला हवा. ती वजाबाकी म्हणजे क गुणिले प पेक्षा लहान संख्या. प मूळ, म्हणून वर सिद्ध केल्याप्रमाणे दोघांपैकी एकाला तरी प ने भागायला हवं. क ला भाग जात नाही, आणि लहान संख्येला जायचा तर ती शून्यच हवी. म्हणून बाक्या सगळ्या वेगळ्या, शून्य कुणीच नाही, यादी तीच.

आता दोन्ही याद्यांचे गुणाकार करा. एकीकडे १×२×…×६, दुसरीकडे ३^६ × (१×२×…×६). दोन्ही समशेष. तो सामाईक गुणाकार ७ शी सहमूळ आहे, त्याचा व्यस्त मिळतो, म्हणून तो छाटता येतो. उरलं ३^६ ≡ १ (मॉड ७). ही सिद्धता एकदा स्वतःच्या हातानं, ११ आणि २ घेऊन, पुरी लिहून काढा. आरएसएचा प्राण इथेच आहे.

कुलूप

१३ × १९ = २४७. ही संख्या जगजाहीर. १२ × १८ = २१६ ही गुप्त.

बंद करणं म्हणजे संदेशाच्या आकड्याचा ठरलेला घात काढून २४७ च्या मापानं बाकी घेणं, आणि उघडणं म्हणजे त्या बाकीचा दुसरा घात काढणं. बंद करायचा घातांक असा निवडायचा की तो २१६ शी सहमूळ हवा. ३ घेतलात तर ङ चाच घोळ होईल. आपण ११ घेतला. खऱ्या वापरात बहुतेक ठिकाणी ६५५३७ असतो, तोच फर्माचा: मूळ संख्या आहे, आणि बायनरीत त्यात दोनच १ असल्यामुळे घात लवकर काढता येतो. उघडायचा घातांक म्हणजे ११ चा व्यस्त, ५९, आपण काढून ठेवलेलाच. जगाला सांगायचं: २४७ आणि ११. आपल्याजवळ ठेवायचं: ५९. १३, १९ आणि २१६ लिहिलेला कागद फाडून टाकला तरी चालेल, दुसऱ्याच्या हाती पडला तर मात्र चालणार नाही.

संदेश: म, म्हणजे २५. पाठवणारा २५^११ (मॉड २४७) काढणार. अकरा वेळा गुणत बसायचं नाही, वर्गाचे वर्ग करत जायचं, कारण ११ = ८ + २ + १.

२५^२ = ६२५ ≡ १३१
२५^४ ≡ १३१^२ = १७१६१ ≡ ११८
२५^८ ≡ ११८^२ = १३९२४ ≡ ९२

९२ × १३१ = १२०५२ ≡ १९६, आणि १९६ × २५ = ४९०० ≡ २०७. कूटसंदेश २०७.

आता उघडू. २०७ ≡ −४०, आणि ५९ = ३२ + १६ + ८ + २ + १.

४०^२ = १६०० ≡ ११८
४०^४ ≡ ९२
४०^८ ≡ ९२^२ = ८४६४ ≡ ६६
४०^१६ ≡ ६६^२ = ४३५६ ≡ −९०
४०^३२ ≡ ८१०० ≡ −५१

(−५१) × (−९०) = ४५९० ≡ १४४. पुढे १४४ × ६६ = ९५०४ ≡ ११८. पुढे ११८ × ११८ ≡ ९२. शेवटी −४० ने: −३६८० ≡ २५.

म परत आला. पहिल्यांदा हे हातानं जमलं तेव्हा मी उत्तर दोनदा तपासलं होतं, इतकं ते जादूचं वाटलं. संगणकावर पडताळायचं असेल तर पायथॉनच्या पॉव फंक्शनला पाया, घातांक आणि माप असे तीन आकडे द्या. आवृत्ती ३.८ पासून घातांकाच्या जागी −१ दिला की तेच फंक्शन व्यस्तही काढून देतं.

आता तोंडी परीक्षेतला प्रश्न. संदेशाचा ११वा घात, त्याचा ५९वा घात, म्हणजे एकूण ६४९वा घात. ६४९ = ३×२१६ + १ = ५४×१२ + १. संदेशाला १३ ने भाग जात नसेल, तर फर्माच्या नियमानं त्याचा १२वा घात १३ च्या मापानं १, म्हणून ६४९वा घात म्हणजे संदेशच. भाग जात असेल तर दोन्ही बाजू शून्य, तरीही समशेष. तसंच १९ चं, कारण ६४९ = ३६×१८ + १. म्हणजे 'उघडलेला वजा मूळ संदेश' याला १३ नेही भाग जातो आणि १९ नेही. दोन वेगवेगळ्या मूळ संख्या आहेत, म्हणून २४७ नेही. दोघंही २४७ पेक्षा लहान, म्हणून एकच. बस. भाग जाण्याची शक्यता बरेच जण लिहायची विसरतात आणि तिथे मार्क जातात.

बारकाईनं पाहणाऱ्याला इथे दिसेल की २१६ ची गरजच नव्हती, १२ आणि १८ दोघांनाही पुरेल असा त्यांचा लसावि ३६ चालला असता. ३६ च्या मापानं ११ चा व्यस्त २३. २०७ चा २३वा घात काढून पाहा, कुलूप त्यानंही उघडतं.

जे सिद्ध झालेलं नाही

रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये ही रीत मांडली, त्यांच्याच आद्याक्षरांवरून आरएसए. ब्रिटिश सरकारच्या जीसीएचक्यू या संस्थेत क्लिफर्ड कॉक्सनं १९७३ मध्येच तशी रीत शोधली होती, पण ती गुप्त राहिली आणि १९९७ मध्ये उजेडात आली.

२४७ चे अवयव तुम्ही तोंडी पाडाल. खऱ्या किल्लीत ती संख्या बहुधा २०४८ बिटांची असते, म्हणजे ६१७ अंकी. मोठ्या मूळ संख्या मिळतात मात्र सहज: १०२४ बिटांच्या आसपास साधारण ७१० पैकी एक संख्या मूळ असते, आणि मूळ आहे का हे अवयव न पाडता तपासता येतं. अवयव पाडणंच काय ते अडतं. स्पर्धेसाठी जाहीर केलेली २५० अंकी आरएसए संख्या २०२० मध्ये फुटली, तीही प्रचंड संगणकशक्ती लावून.

पण अवयव पाडण्याची झटपट रीत असूच शकत नाही, अशी सिद्धता कुणाकडेही नाही. सगळी कृती पायरीपायरीनं सिद्ध, आणि कुलूप मजबूत आहे हा दावा मात्र 'आजवर कुणाला जमलं नाही' एवढ्यावर. क^२ + क + ४१ आठवतं ना? पुरेसा मोठा क्वांटम संगणक असेल तर अवयव झटपट पाडता येतील, अशी रीत शोरनं १९९४ मध्ये दिलेलीही आहे.

बहुतेक वेळा मात्र कुलूप गणितामुळे फुटत नाही, वापरणाऱ्याच्या हयगयीनं फुटतं. आपल्याच किल्लीचं बघा. पंचवीसच अक्षरं आणि बंद करायची किल्ली जगजाहीर. चोरानं पंचवीसही अक्षरं स्वतः बंद करून तक्ता केला, तर २०७ समोर म हे तो ५९ न शोधता वाचेल. म्हणून खऱ्या वापरात संदेशात आधी यादृच्छिक भर घालतात. आणि म्हणूनच स्वतः लिहिलेला आरएसए अभ्यासापुरता ठेवावा, कामासाठी पारखलेली लायब्ररी वापरावी.

दुसरी हयगय जास्त मजेशीर. समजा आणखी कुणाची जाहीर संख्या २९९ आहे, आणि त्यांच्या यंत्रानं मूळ संख्या निवडताना आळस केला. दोन्ही संख्या समोर ठेवा आणि युक्लिडला बोलवा:

२९९ = १ × २४७ + ५२
२४७ = ४ × ५२ + ३९
५२ = १ × ३९ + १३
३९ = ३ × १३

मसावि १३. चार भागाकारांत दोन्ही कुलपं उघडी: २४७ = १३ × १९, २९९ = १३ × २३. संशोधकांच्या दोन गटांनी २०१२ मध्ये इंटरनेटवरच्या लाखो जाहीर किल्ल्या गोळा करून हेच केलं, आणि सामाईक मूळ संख्या असलेल्या हजारो किल्ल्या त्यांना सापडल्या.